अगं आई

"अगं आई, थांब ना जरा."

मागून जुईची हाक आली आणि मी थांबले. घोट्यापर्यंत पाणी होतं, चपला हातात होत्या. मी वळून म्हणाले, "काय गं?"

जुई माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्याही पुढे, पन्नासेक पावलांवर, तिच्या सासूबाई साडी पोटरीपर्यंत खोचून झपझप चालल्या होत्या. हाक त्यांना होती. त्या वळल्या.

"काय झालं? लंगडतेस का?"

"शिंपला लागला."

शरयूताई परत आल्या, वाकल्या. जुईनं त्यांच्या खांद्यावर हात टेकून पाय उचलला आणि त्यांनी पदरानं तळवा पुसून पाहिला. "काही नाही, खरचटलंय नुसतं," त्या म्हणाल्या. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. एकतीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई, लेकीच्या पायाला लागलं तेव्हा चपला धरून बघत उभी.

याला आता बारा वर्षं झाली. जानेवारी महिना होता. जुईच्या लग्नाला सव्वादोन वर्षं झाली होती आणि मी तीन दिवसांची रजा काढून कराडहून दोन गाड्या बदलत श्रीवर्धनला आले होते. जुई नऊ वर्षांची असताना तिचे वडील गेले. त्यानंतर घरात आम्ही दोघीच. मी सरकारी दवाखान्यात प्रसूती विभागात होते. नाइट ड्युटी असली की शेजारच्या काकूंकडे झोपायची ती, आणि सकाळी मी परत येईपर्यंत दारात बसून राहायची. तिनं दापोलीला शेतकी कॉलेजात शिकत असताना श्रीरंगशी लग्न ठरवलं तेव्हा मी खळखळ केली नाही. मुलगा चांगला होता. सुपारीची वाडी होती, समुद्र होता.

लग्नात जुई सासूला 'अहो आई' म्हणायची. सगळ्याच म्हणतात. 'अगं आई' ही घरची, 'अहो आई' ही सासरची. तेवढ्या एका अक्षरावर मी निश्चिंत होते. त्या सकाळी वाळूवर ते अक्षर गळून पडलेलं मी कानांनी ऐकलं.

"चल की," जुई मला म्हणाली. "तुला सगळं गाव दाखवायचंय. आधी बंधारा, मग धक्का."

श्रीवर्धनला किनाऱ्याला लागून दगडी बंधारा आहे, त्यावर फिरायला वाट, बसायला बाकं आणि मागे सुरूची झाडं. सकाळची वेळ, माणसं फार नव्हती. जुई उत्साहानं दाखवत होती. इथून सूर्यास्त चांगला दिसतो, इथे भेळवाला लागतो, ओहोटीला इथे लांबपर्यंत चालत जाता येतं. प्रत्येक वाक्यात 'आम्ही' होतं. 'आम्ही इथे बसतो.' 'आम्ही एकदा इथे डॉल्फिन बघितला.' श्रीरंग त्या आठवड्यात कामासाठी अलिबागला गेला होता, आणि तो इथे असतानासुद्धा संध्याकाळी वाडीतून सुटत नसे, हे मला माहीत होतं. 'आम्ही' म्हणजे कोण ते विचारायची गरज नव्हती.

"हा आमचा बाक," सुरूच्या सावलीतल्या एका बाकाशी थांबून ती म्हणाली.

"रोज येता?"

"रोज. पावसातसुद्धा यायचो, छत्री घेऊन. लोक हसायचे."

"पावसात कशाला?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग शरयूताई म्हणाल्या, "घरात बसून कंटाळा यायचा हिला," आणि पुढे चालू लागल्या. त्या मुळात कमीच बोलायच्या. उंच, काळ्यासावळ्या, सरळ पाठीच्या. मी आल्यापासून त्यांनी मला चहा बरा झालाय का आणि अंथरूण पुरेसं उबदार होतं का, एवढंच विचारलं होतं. जुई मात्र त्यांच्याशी सारखी बोलत होती, आणि त्यांच्या 'हं'ला उत्तर समजून पुढे जात होती. माझ्याशी फोनवर ती पाच मिनिटांत संपायची.

जीवना बंदराच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा बोटी नुकत्याच लागल्या होत्या. टोपल्या उतरत होत्या, डिझेलचा आणि मासळीचा वास एक झाला होता. माझ्या घरी मासे आणले की नाकाला ओढणी लावून गॅलरीत जाऊन बसणारी माझी मुलगी टोपलीत हात घालून बांगड्याचे कल्ले उघडून बघू लागली.

टोपलीमागे बसलेली कोळीण माझ्याकडे निरखून बघत होती. ती गावातली नव्हती, खाडीपलीकडून बोटीबरोबर यायची, असं नंतर कळलं.

"ही कोन गो पावनी?" तिनं शरयूताईंना विचारलं.

"विहीण माझी."

"बराय. म्हंजे तुज्या या पोरीची सासू."

जुई इतकी हसली की तिला टोपलीचा काठ धरावा लागला. शरयूताईही हसल्या. "अगं, उलटं. सासू मी. ही तिची आई."

कोळणीनं पुन्हा एकदा आम्हा तिघींकडे पाहिलं आणि दोन बांगडे जास्तीचे टाकले. "वाटत न्हाई," ती म्हणाली.

मीही हसले. दुपारी जेवताना जुईनं ती गोष्ट सासऱ्यांना सांगितली, तेव्हाही हसले. जुई बोटांनी काटे काढत जेवत होती, आणि शरयूताईंनी न बोलता मधला, बिनकाट्याचा तुकडा तिच्या ताटात सरकवला. तिनं वर न बघता खाल्ला. मला त्या बाईत काहीतरी खोट सापडायला हवी होती. मी दिवसभर शोधली. मिसरी लावत असतील, सुनेला हळूच टोमणा मारत असतील, देवघराची कामं तिच्यावर टाकत असतील. काही सापडलं नाही. त्यामुळे जास्तच त्रास झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा धक्क्यावर गेलो. शरयूताई बोटींकडे मासळी बघायला गेल्या. मी आणि जुई धक्क्याच्या टोकाशी, बोटी बांधायच्या खुंटापाशी बसलो. आल्यापासून पहिल्यांदाच ती माझ्या एकटीच्या वाट्याला आली होती.

"जुई, महिनाभर चल की कराडला," मी म्हणाले. "मी रजा टाकते. दोघी राहू."

"महिनाभर?" ती पाण्याकडे बघत म्हणाली. "नको गं. आईंना फार एकटं वाटेल."

"आणि मला?"

"तुला सवय आहे ना."

ती हे वाईट मनानं म्हणाली नव्हती. तिला वाटलं होतं तेच तिनं सांगितलं. पण ते ऐकलं आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी आधी कधी मनात आणलेलंसुद्धा नव्हतं. निदान मला तसं वाटतं.

"ज्यांना एकटं वाटेल म्हणतेस, त्या तुझ्याबद्दल काय बोलतात ते माहीत आहे का?"

"काय?"

"जाऊ दे."

"आई, काय म्हणाल्या?"

"काल संध्याकाळी तू भेळ आणायला गेलीस तेव्हा म्हणत होत्या. सव्वादोन वर्षं झाली, आमच्या घरात इतका उशीर कुणाला झाला नाही. हिच्यात काही दोष असेल तर तुमच्या दवाखान्यात दाखवून घ्या."

ती हलली नाही. मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल, माझ्या गळ्यात पडेल. तिचा चेहरा पांढरा पडत गेला. माझ्या कामामुळे मी असे चेहरे पुष्कळ पाहिले होते आणि त्याचा अर्थ मला कळायला हवा होता. नाही कळला.

"दोष म्हणाल्या? हाच शब्द?"

"हाच."

एवढ्यात शरयूताई ओल्या पिशवीतून मासे घेऊन आल्या. जुई उठून उभी राहिली.

"तुम्ही काल माझ्या आईला काही म्हणालात?"

'तुम्ही' ऐकून शरयूताई थबकल्या. "कशाबद्दल?"

"मला मूल होत नाही त्याबद्दल. माझ्यात दोष आहे म्हणून. म्हणालात?"

शरयूताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची नजर चुकवली नाही, चुकवताच आली नाही. मागे बोटींवर कुणीतरी बर्फ फोडत होतं. आता ही बाई नाही म्हणेल आणि सगळं संपेल, एवढंच माझ्या मनात होतं.

"म्हणाले गं," शरयूताई म्हणाल्या. "तोंडातून निघून गेलं. चुकलं माझं."

"तुम्ही?" जुईचा आवाज फुटला. "आषाढात माझं तीन महिन्यांचं गेलं, तेव्हा माझ्याजवळ कोण होतं? श्रीरंगचा पाय उचलत नव्हता, तेव्हा रिक्षातून मला कुणी नेलं? तुमच्या मांडीवर डोकं ठेवून मी... आणि तुम्हीच माझ्या आईला सांगता, हिच्यात दोष आहे?"



जुई माझ्याकडे वळली. डोळे पुसले. "आई, मी उद्या तुझ्याबरोबर कराडला येते," ती म्हणाली आणि धक्क्यावरून एकटीच निघून गेली.

मी खुंटाला धरून बसून राहिले. आषाढात तिनं पंधरा दिवस फोन केला नव्हता. मी केला तेव्हा श्रीरंगनं घेतला होता, ताप आलाय म्हणाला होता. मी त्याला फोनवरून गोळ्यांची नावं सांगितली होती, आणि दर चार तासांनी ताप मोजून लिहून ठेवायला लावलं होतं.

"तुम्हाला मी कळवणार होते," शरयूताई म्हणाल्या. "तीच नको म्हणाली."

"का?"

"ते तिलाच विचारा."

"आणि तुम्ही आत्ता हो का म्हणालात?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली, मासळीवर ओलं फडकं नीट पसरलं. "मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही खोट्या पडला असतात. तिच्यासमोर."

"पडले असते."

"मग तिला कोण राहिलं असतं? बाप नाही, भाऊ नाही. माहेर म्हणजे तुम्ही एकट्या." त्या शांतपणे बोलत होत्या, रागाचा लवलेश नव्हता, आणि त्यामुळेच मला खाली बघावं लागत होतं. "सासू दोन वाईट शब्द बोलली तर मुलगी रागावते, महिना दोन महिने तोंड फिरवते. सासवा बोलतातच, असं म्हणून विसरतेसुद्धा. आईचं तसं होत नाही."

"मी तिला खरं सांगितलं नाही तर?"

"तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. पिशवी उचलली. "चला, बांगडे नरम पडतील."

घरी आल्यावर त्यांनी रोजच्यासारखा स्वयंपाक केला. जुई जेवायला आली नाही. दुपारी मी खोलीत गेले तर ती बॅग भरत होती. मला बघून तिनं बॅग बाजूला सारली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. कॉलेजला गेल्यापासून तिनं असं केलं नव्हतं. मी तिच्या केसांतून हात फिरवत बसले. ज्यासाठी मी दोन दिवस जळत होते ते सगळं माझ्या मांडीवर होतं. भिंतीपलीकडे शरयूताई भांडी घासत असल्याचा आवाज येत होता. मी गप्प राहिले. हे मी लपवणार नाही. तासभर तरी मी गप्प राहिले आणि तो तास मला सुखाचा वाटला.

ऊन उतरल्यावर ती म्हणाली, "चल, एकदा समुद्रावर जाऊन येऊ." आम्ही बंधाऱ्यावर गेलो. त्यांच्या बाकावर ती बसली नाही. तो ओलांडून पुढच्या बाकावर बसलो.

"जुई, तू मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू रागावशील."

"नाही रागावणार."

"तुला सांगितलं असतं तर तू पहिल्या गाडीनं आली असतीस. सोनोग्राफी कुठे केली, डॉक्टर कोण, रक्त किती गेलं, कुठल्या गोळ्या दिल्या, सगळं विचारलं असतंस. मग म्हणाली असतीस, दहातल्या एकदोघींचं असं होतं, घाबरायचं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. मला माहितीये तू वॉर्डमध्ये बायकांना काय सांगतेस. लहानपणी ऐकलंय मी बाहेरच्या बाकावर बसून." ती थांबली. "ते सगळं खरंच असतं गं. पण मला दहातली एक व्हायचं नव्हतं."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. त्या रोज मला इथे आणून बसवायच्या. पाऊस असला तरी. दीड महिना मी इथे नुसती रडायचे आणि त्या छत्री धरून बसायच्या. म्हणून तर मला आजचं खरंच वाटत नाहीये."

"जुई, त्या तसं काही म्हणाल्या नव्हत्या."

"आता त्यांची बाजू घेऊ नकोस. त्यांनी स्वतः कबूल केलं." तिनं माझा हात हातात घेतला. "तू फार चांगली आहेस."

तिथे थांबता आलं असतं. खोटं तसंच राहिलं असतं आणि वर मोठ्या मनाची आई ठरले असते. तिचा हात माझ्या हातात गरम होता. मी तो सोडवून घेतला, कारण तो धरून मला पुढचं बोलता आलं नसतं.

"त्यांनी माझी लाज राखायला कबूल केलं. ते शब्द माझे आहेत. मी रचले. मूल गेल्याचं मला माहीत नव्हतं, पण ती सबब होत नाही. माहीत नसतानासुद्धा ते घाणच होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "का?"

"काल वाळूवर तू त्यांना 'अगं आई' म्हणालीस."

माझ्याजवळ याहून मोठं कारण नव्हतं. तिनं मान वळवली. समोर ओहोटी लागली होती, वाळू लांबवर उघडी पडत चालली होती, आणि चारपाच मुली शिंपले वेचत पुढे पुढे जात होत्या. जुई त्यांच्याकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही. मला सवय नव्हती, तरीही.

शेवटी ती उठली. "उद्या सकाळी साडेसहाला गाडी आहे," ती म्हणाली. "आरक्षण लागत नाही."

आणि घराकडे चालू लागली. आधी सावकाश, मग भराभर. वळणावर सुरूच्या झाडांआड गेली तेव्हा ती पळत होती.

सकाळी स्टँडवर मला सोडायला शरयूताई आल्या. माझ्या पिशवीत त्यांनी पोळीभाजीचा डबा आणि कागदात बांधलेली सुपारी ठेवली होती.

"जुई?" मी विचारलं.

"झोपलीय," त्या म्हणाल्या. ती जागी असल्याचं आम्हा दोघींनाही माहीत होतं. निघताना तिच्या दाराखालून उजेड दिसत होता.

गाडी लागली. मी पायरीवर पाय ठेवला आणि थांबले. "शरयूताई, मी तुमच्याबद्दल—"

"बसा आत," त्या म्हणाल्या. "खिडकीची जागा जाईल."

जुई माझ्याशी अकरा महिने बोलली नाही. दिवाळीला श्रीरंगचा फोन आला, मागे तिचा आवाज ऐकू आला, पण ती फोनवर आली नाही. मी दर रविवारी पत्र लिहायचे आणि फाडून टाकायचे. प्रत्येक पत्रात मी तिला काहीतरी समजावून सांगत असायचे. शेवटी एक धाडलं, त्यात फक्त माझी खुशाली होती आणि तिची विचारली होती. उत्तर आलं नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका दुपारी मी ड्युटीवरून येऊन पाय धूत होते, तेव्हा फोन वाजला.

"आई, मी बोलतेय."

मी ओल्या पायांनी तशीच उभी राहिले.

"मला दिवस गेलेत," जुई म्हणाली. "तिसरा संपला काल. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे."

ते ऐकून माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न कोणता होता, ते आज सांगायला मला लाज वाटत नाही, कारण आता मी म्हातारी झाले आहे आणि ते तसंच घडलं. मी विचारलं, "शरयूताईंना सांगितलंस?"

तिला कळलं असावं. माझीच मुलगी होती ती, तिला माझं सगळं कळायचं.

"अगं, त्या इथेच बसल्यात," ती म्हणाली. "त्यांनीच नंबर लावून दिलाय. मी म्हणत होते संध्याकाळी करते. त्या म्हणाल्या, आत्ता कर."

जिभेवर प्रश्न नुसते दाटले होते. सोनोग्राफी, रक्त, वजन, उलट्या. मी एकही विचारला नाही.

"दे त्यांच्याकडे," मी म्हणाले.

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली. "हं, बोला विहीणबाई," शरयूताईंचा आवाज आला. मी तोंड उघडलं आणि मला काही म्हणताच येईना. त्या थांबल्या होत्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता, मागे कुठेतरी समुद्र होता.

"आहे मी इथे," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "सावकाश बोला."